गंगाजळीतला रुपया विचारतो, माझं काय केलंत?

ठाण्यात बाळकुम नाक्यावरून रिक्षात बसा आणि "सँडोज बाग" एवढंच म्हणा. पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. रिक्षावाला कोलशेत रोडला वळतो, उंच उंच टॉवर मागे टाकत जातो आणि बरोबर जागी सोडतो.

गंमत म्हणजे ज्या कंपनीच्या नावाची ही बाग, त्या स्विस सँडोजने आपला रसायनांचा धंदा १९९५ मध्येच वेगळा काढला आणि त्याचं नाव क्लॅरियंट ठेवलं. ठाण्याच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून असलेली कलर-केम ही कंपनीही २००६ मध्ये क्लॅरियंट केमिकल्स (इंडिया) झाली. पुढे कोलशेतची कारखान्याची जमीनही विकली गेली. कंपनी नावासकट पालटली, पण रिक्षावाल्याच्या डोक्यातली सँडोज काही हलली नाही.

मी बाळकुमला राहतो आणि फावल्या वेळात कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतो. कोलशेत रोडवरून जाताना एक प्रश्न हटकून मनात येतो: इथे चाळीस-पन्नास वर्षं कारखाने चालले, नफा झाला, जमिनी विकल्या, त्याचेही पैसे आले. मग ते सगळं गेलं कुठे? ताळेबंदात या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत असतं. त्या ओळीचं नाव संचित नफा, इंग्रजीतून आलेल्या बोलीत रिटेन्ड अर्निंग्ज. शेअर घेणाऱ्या दहा जणांतले नऊ जण ही ओळ ओलांडून पुढे जातात. तिथेच थोडं थांबू.

देवघरातला गडू

मराठी वर्तमानपत्रं कंपनीच्या राखीव निधीला गंगाजळी म्हणतात. हा शब्द आला काशीहून. गंगेचं पाणी भरून, तोंड बंद करून आणलेला गडू म्हणजे गंगाजळी. तो देवघरात राहायचा आणि फार मोठ्या प्रसंगाशिवाय उघडायचा नाही. त्यावरून अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशालाही तोच शब्द लागला. शब्द सुरेख आहे, पण गुंतवणूकदाराला चकवणाराही आहे. गडवातलं पाणी गडवातच असतं. संचित नफा मात्र कुठल्याच गडवात नसतो.

गल्ल्यात दोनशे रुपये

समजा, नाक्यावर एक वडापावची गाडी आहे. तीन वर्षांत सगळा खर्च जाऊन सहा लाख नफा झाला. दोन लाख मालकाने घरी नेले. उरलेले चार लाख म्हणजे त्या गाडीचा संचित नफा. पण आत्ता गल्ला उघडलात तर त्यात दोनशे रुपये आणि सुट्टे. मग चार लाख कुठे आहेत? एक डीप फ्रीझर, एक दुसरी गाडी, महिन्याचं तेल आणि बेसन, आणि जवळच्या ऑफिसवाल्यांकडे थकलेली उधारी. पैसा आहे, पण नोटांच्या रूपात नाही.

संचित नफा हा ताळेबंदाच्या देणी बाजूला असतो. या धंद्यात मालकांचं किती गुंतलंय, एवढंच तो सांगतो. पैसा कुठल्या रूपात आहे ते मालमत्तेच्या बाजूला बघायचं: यंत्रं, माल, येणी, बँकेतली शिल्लक. "कंपनीकडे हजार कोटींची गंगाजळी आहे, बुडणार कशी?" असं कुणी म्हणालं, की त्याला आधी बँक शिल्लक किती ते विचारा. गंगाजळी हजार कोटी आणि बँकेत चाळीस कोटी हे चित्र अगदी रोजचं आहे.

हिशोब साधा आहे. गेल्या वर्षीचा शिल्लक आकडा, त्यात यंदाचा नफा मिळवा, दिलेला लाभांश वजा करा, की यंदाचा आकडा आला. नव्या हिशोब पद्धतीत हा भाग "इतर इक्विटी" या मथळ्याखाली सापडतो. मथळा इतका बेचव आहे की कुणाला वाचावंसं वाटू नये, पण अहवालातलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच. कंपनीने वर्षभरात मालकांच्या पैशाशी कसा व्यवहार केला, ते तिथे एका तक्त्यात मांडलेलं असतं.

जमीन झोपली होती, एके दिवशी उठली

आता पुन्हा कोलशेत रोड. ठाण्याच्या या पट्ट्यात रंग, औषधं, कीटकनाशकं बनवणारे कारखाने आले तेव्हा जमीन एकराच्या भावाने मिळत होती. ज्या किमतीला घेतली त्याच किमतीला ती ताळेबंदात बसली. यंत्राची किंमत दरवर्षी घसाऱ्याने कमी होते, जमिनीला घसारा नसतो. आणि बाजारभाव चढला म्हणून नफाही धरता येत नाही. कारखान्याच्या भिंतीबाहेर फ्लॅटचे भाव कितीही वाढोत, आत ताळेबंदात जमीन जुन्याच आकड्यावर स्वस्थ झोपलेली.

मग ती विकली जाते आणि सगळा हिशोब एका वर्षात जागा होतो. बायर क्रॉपसायन्सने कोलशेत रोडवरची शंभरएक एकर जमीन कल्पतरू समूहाच्या कंपनीला विकण्याचा सौदा २०११ मध्ये जाहीर केला, रक्कम १,२५० कोटी रुपये. क्लॅरियंटच्या कोलशेतच्या जमिनीचा सौदा लोढा समूहाच्या कंपनीशी झाला, सुमारे १,१५४ कोटींना. आज तिथे पार्कसिटी आणि अमारा ही निवासी संकुलं आहेत. २०२४ मध्ये कोलशेतला ग्रँड सेंट्रल पार्क उघडला तेव्हा रविवारी बाळकुमपर्यंत गाड्यांची रांग लागायची. मुलांना घेऊन आलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की आपण एका कीटकनाशकाच्या कंपनीच्या जुन्या शेजारात फिरतोय?

गुंतवणूकदाराने इथे दोन गोष्टी टिपाव्यात. पहिली: अशा वर्षी संचित नफ्याचा आकडा एकदम उडी मारतो, पण त्याचा माल जास्त खपण्याशी काही संबंध नसतो. आजोबांनी घेतलेला वाडा विकला म्हणून नातवाचा पगार वाढला असं होत नाही. म्हणून वाढीचा दर काढताना ती रक्कम बाजूला काढा; नफा-तोटा पत्रकात ती "अपवादात्मक बाबी" या ओळीत दिसते.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. पैसा हातात आल्यावर कंपनीने काय केलं? बायरने २०१३ मध्ये भागधारकांकडून शेअर परत विकत घेतले. क्लॅरियंटनेही भरघोस लाभांश वाटला. म्हणजे "आम्हाला एवढ्या पैशाचं काम नाही, ज्यांचा आहे त्यांनी घ्या" हा निर्णय. मला तो प्रामाणिक वाटतो. जमिनीचे पैसे हाती आले की अनोळखी धंद्यात उडी मारायचा मोह आवरणं सोपं नसतं.

ठाण्याची रेमंडही याच वाटेवरची. १९२५ सालची ही गिरणी. २०१९ मध्ये तिने ठाण्यातली वीस एकर जमीन ७०० कोटींना विकली, तेव्हा कर्जाचा भार हलका करणं हा एक मोठा हेतू होता. एकाच शहरातली जमीन, पण एकीचा पैसा भागधारकांच्या खात्यात आणि दुसरीचा बँकेच्या.

अमळनेरचा एक शेअर

संचित नफ्याची महाराष्ट्रातली सगळ्यात रसाळ गोष्ट मात्र ठाण्यात घडली नाही, ती जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात घडली. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते हे गाव. तिथे २९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी सुरू झाली. वनस्पती तूप आणि साबण हा तिचा धंदा. तिचंच आजचं नाव विप्रो. १९६६ मध्ये वडील वारले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परतले.

गावातल्या अनेकांकडे हे शेअर होते. शेतकऱ्यांकडे, दुकानदारांकडे, कारखान्यातल्या कामगारांकडे. त्यातल्या ज्यांनी ते विकले नाहीत, त्यांचं काय झालं ते कागद-पेन्सिल घेऊन मांडू. १९८० मध्ये १०० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर हातात आहे असं धरा.

१९८१, १९८५, १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ मध्ये एकास एक बोनस. सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४. १९९७ मध्ये एकास दोन, म्हणजे १९२. २००४ मध्ये पुन्हा एकास दोन: ५७६. २००५ ला दुप्पट: १,१५२. २०१० ला तिनास दोन: १,९२०. २०१७ ला दुप्पट: ३,८४०. २०१९ ला तिनास एक: ५,१२०. २०२४ ला पुन्हा दुप्पट: १०,२४०. याच काळात शंभराच्या शेअरचे तुकडे होत होत दर्शनी किंमत दोन रुपयांवर आली, म्हणजे आणखी पन्नास पट. एकाचे झाले ५ लाख १२ हजार शेअर.

आकडा पाहून भोवळ येते, म्हणून इथेच सावध व्हायचं. बोनस म्हणजे बक्षीस नव्हे, जरी जुन्या मराठीत आपण त्याला बक्षीस भाग म्हणत आलो. कंपनी करते काय, तर संचित नफ्याच्या रांजणातलं पाणी काढून भांडवलाच्या रांजणात ओतते. दोन्ही रांजण तुमचेच. बोनसच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही एका पैशानेही श्रीमंत झालेले नसता. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून पीठ वाढत नाही.

मग अमळनेरकर श्रीमंत कशाने झाले? बोनस देता येईल इतका नफा कंपनीत पुन्हा पुन्हा साठत गेला म्हणून. आणि तो साठलेला नफा तुपाच्या डब्यातून संगणकाकडे नेला गेला म्हणून. लाभांशात सगळं वाटून टाकलं असतं तर गावात चार दिवाळ्या जोरात झाल्या असत्या. बोनसच्या या लांबलचक यादीकडे मी नफा मुरल्याची पावती म्हणून बघतो. लोणचं मुरलंय हे बरणीवरच्या तारखेवरून कळतं तसं.

कायदाही इथे जागरूक आहे. बोनस मोकळ्या राखीव निधीतून, शेअर प्रीमियममधून देता येतो. पण जमिनीचं नुसतं मूल्यांकन वाढवून जो कागदी निधी तयार होतो, त्यातून देता येत नाही. कोलशेतची जमीन न विकता, नुसती "आता इतक्याची झाली" असं लिहून बोनस वाटता आला नसता.

सक्तीची बचत

जुन्या कंपन्यांच्या अहवालात "सर्वसाधारण राखीव निधी" अशी एक वेगळी जाडजूड ओळ दिसते आणि नव्या कंपन्यांच्या अहवालात ती जवळपास नसतेच. का? कारण १९७५ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांहून जास्त लाभांश द्यायचा तर आधी नफ्याचा ठरावीक भाग राखीव निधीत टाकणं सक्तीचं होतं. लाभांश जितका मोठा तितका हा भाग मोठा, अडीच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत. पोराने सिनेमाला पैसे मागितले की आधी पिगी बँकेत टाक म्हणणाऱ्या आईसारखा कायदा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ही सक्ती काढली.

पण आधीची साठवण तशीच पडून राहिली. हिंदुस्तान युनिलिव्हरकडे अशी २,१८७ कोटींची रक्कम होती. ती भागधारकांना वाटता यावी म्हणून नफा-तोटा खात्यात वळवायला कंपनीला रीतसर योजना करून राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाची मंजुरी घ्यावी लागली. आपल्याच कपाटाची किल्ली मागायला कोर्टात जाण्यासारखंच ते.

ज्या वर्षी नफा पुरेसा नाही त्या वर्षी जुन्या गंगाजळीतून लाभांश द्यायचा झाला, तर तिथेही लगाम आहे. लाभांशाचा दर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त नको. भांडवल आणि मोकळा निधी मिळून होणाऱ्या रकमेच्या दहाव्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही. काढलेल्या रकमेतून आधी त्या वर्षीचा तोटा भरायचा. आणि उरलेला निधी भांडवलाच्या पंधरा टक्क्यांखाली जाता कामा नये. गंगाजळीचा गडू उघडा, पण पालथा करू नका.

खड्डा: एक चांगला, एक वाईट

संचित नफा शून्याखालीही जातो. पुण्याहून कारभार चालणाऱ्या सुझलॉनच्या पवनचक्क्यांनी कर्जाच्या वादळात बरीच वर्षं तोटा साठवला. धंदा सावरला, नफा दिसू लागला, तरी मागचा खड्डा भरल्याशिवाय लाभांश देता येत नाही. म्हणून २०२४ मध्ये कंपनीने आपले इतर निधी वापरून तो खड्डा कागदावर बुजवण्याची योजना मांडली. अशी योजना वाचताना लक्षात ठेवायचं की यात नवा पैसा येत नाही, फक्त पाटी पुसली जाते.

आणि आता याच्या अगदी उलटं. ॲपल ही जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक. सप्टेंबर २०२४ च्या ताळेबंदात तिचा संचित नफा उणे होता, सुमारे १,९१५ कोटी डॉलरचा खड्डा! तोटा झाला म्हणून नव्हे. वर्षानुवर्षं स्वतःचेच शेअर इतक्या प्रचंड प्रमाणात परत विकत घेतले की साठलेल्याहून जास्त पैसा भागधारकांकडे गेला. एक खड्डा उधळलेल्या पैशाचा आणि एक वाटलेल्या पैशाचा. आकडा दोघांचा उणेच. म्हणून नुसत्या आकड्यावरून कंपनीची पत्रिका मांडू नये.

ज्या गंगाजळीवर कुणाचंच नाव नाही

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात घरोघरी एक शेअर सापडतोच, आणि तो शेअरबाजारातला नसतो. ठाणे जनता (१९७२), डोंबिवली नागरी (१९७०), कल्याण जनता (१९७३). कर्ज घेताना किंवा बाबांच्या आग्रहाने घेतलेले सहकारी बँकेचे शेअर. सर्वसाधारण सभेची नोटीस येते, लाभांश खात्यात पडतो, आपण विसरून जातो.

इथला संचित नफा वेगळ्याच जातीचा. सहकार कायदा सांगतो की दरवर्षीच्या निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा. तो साठत जातो, बँक भक्कम होते. पण सभासद बाहेर पडताना सर्वसाधारणपणे त्याला शेअरची दर्शनी किंमतच मिळते. पन्नास वर्षांत निधी शंभरपट झाला तरी त्यातला वाटा त्याच्या हाती येत नाही. कंपनीत संचित नफा हा मालकांचा; सहकारात तो संस्थेचा, म्हणजे पुढच्या सभासदाचा. मला यात अन्याय वाटत नाही. आधीच्या पिढीने ठेवलेल्या निधीवरच आपल्याला स्वस्त कर्ज मिळालेलं असतं. पण शेअर म्हणजे शेअर असं समजून दोन्हींची तुलना करू नये.

आणि तुमच्या सोसायटीचा सिंकिंग फंड? आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का. बाळकुमच्या चाळीस मजली टॉवरमधली लिफ्ट पंचवीस वर्षांनी बदलायची वेळ येईल तेव्हा हाच पाव टक्का कामाला येईल. मेन्टेनन्सच्या बिलातली ही ओळ बघून कुरकुर करणारे शेजारी मला दर सभेत भेटतात. मी त्यांना आपल्या बिल्डिंगची गंगाजळी म्हणून तीच ओळ दाखवतो.

सगळ्यात मोठी गंगाजळी मुंबईत फोर्टला आहे, रिझर्व्ह बँकेत. किती ठेवायचं आणि किती सरकारला द्यायचं यावर २०१८-१९ मध्ये देशभर वाद झाला, बिमल जालन समिती बसली, आणि २०१९ मध्ये १,७६,०५१ कोटी रुपये केंद्राकडे गेले. त्यातले ५२,६३७ कोटी आधीच्या जास्तीच्या तरतुदीतून काढलेले होते. २०२४-२५ साठी हा आकडा २,६८,५९० कोटींवर गेला. किती साठवावं आणि किती वाटावं, यावर देशाच्या बँकेत वाद होतो तसाच तो एखाद्या छोट्या कंपनीच्या संचालकांच्या बैठकीतही व्हायला हवा.

कागदावरचे ५,०४० कोटी

७ जानेवारी २००९. सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र बाहेर आलं. पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. नफा खोटा, म्हणून साठलेला नफाही खोटा, आणि तो जुळवायला बँकेतली रक्कमही खोटी. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. संचित नफा बघितला की रोख प्रवाहाचं पत्रक उघडायचं. पाच वर्षांचा नफा एका बाजूला, धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड दुसऱ्या बाजूला. दोन्ही साधारण बरोबरीने चालत असतील तर ठीक. नफा धावतोय आणि रोकड मागे लंगडतेय असं सतत दिसलं, तर तो शेअर माझ्या यादीतून बाहेर.

तळे राखी तो पाणी चाखी

ठाणं तलावांचं शहर, तेव्हा ही म्हण आपल्याला जवळची. नफा कंपनीत राहिला की तळं राखणारे असतात व्यवस्थापक, आणि तळ्याचे मालक असतात भागधारक. राखणाऱ्याने पाणी कसं वापरलं हे तपासायची एक सोपी रीत आहे. वही घ्या.

समजा, पाच वर्षांत कंपनीने एकूण ५०० कोटी नफा कमावला. २०० कोटी लाभांशात दिले, ३०० कोटी ठेवून घेतले. पाच वर्षांपूर्वी वार्षिक नफा ८० कोटी होता, आज ११० कोटी आहे. म्हणजे ठेवून घेतलेल्या ३०० कोटींवर ३० कोटींची नवी कमाई, दहा टक्के. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा बरं. पण तोच नफा ८० वरून ८६ कोटींवर आला असता तर? ३०० कोटींवर सहा कोटी, दोन टक्के. असले दोन टक्के मिळवण्यापेक्षा तुमचे पैसे तुम्हाला परत दिले असते तर तुम्ही सुखी झाला असता.

वॉरन बफे यांची कसोटी याच कुळातली: ठेवून घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागे कंपनीचं बाजारमूल्य काही वर्षांत निदान एक डॉलरने वाढलं पाहिजे. त्यांच्या बर्कशायर हॅथवेने बफे यांच्या हाती आल्यापासून एकदाच लाभांश दिलाय, १९६७ मध्ये, शेअरमागे दहा सेंट. बाकी जवळपास सगळं ठेवून घेतलं, पण कसोटीला उतरून. उलट मुंबईच्या कोलगेट-पामोलिव्ह आणि कॅस्ट्रॉलसारख्या कंपन्या वर्षानुवर्षं नफ्याचा मोठा हिस्सा वाटत आल्या. कारण त्यांच्या धंद्याला वाढायला फारसं नवं भांडवल लागत नाही. दोन्ही वाटा बरोबर असू शकतात. चूक एकच, ती म्हणजे ठेवून घेऊन झोपणं.

एका पुणेरी उदाहरणाचा तर मला विशेष लळा आहे. स्कूटर विकून विकून आकुर्डीच्या बजाज ऑटोकडे इतका पैसा साठला की तो गुंतवणुकींचा एक डोंगरच झाला. २००७-०८ मध्ये कंपनीची वाटणी झाली तेव्हा मोटारसायकली एका कंपनीत, वित्तसेवा दुसऱ्या कंपनीत आणि मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट हे नाव घेऊन गुंतवणुकी सांभाळत राहिली. गंगाजळीच एक स्वतंत्र कंपनी झाली, तिचा शेअर बाजारात मिळतो.

आणि बाळकुमातच ज्यांचा वैकुंठ हा गृहप्रकल्प उभा आहे, त्या पिरामल समूहाने २०१० मध्ये देशातला औषधांचा धंदा ॲबटला ३७२ कोटी डॉलरला विकला. काही पैसा शेअर परत घेऊन भागधारकांना दिला. उरलेल्यातून व्होडाफोन इंडियातला सुमारे ११ टक्के हिस्सा ५,८६४ कोटींना घेतला आणि २०१४ मध्ये ८,९०० कोटींना विकला. गोळ्या-औषधांचा पैसा मोबाइल टॉवरवरून फिरून कर्जवाटपाच्या धंद्यात शिरला. ज्याने औषध कंपनी म्हणून शेअर घेतला होता, त्याला चार वर्षांत वेगळ्याच कंपनीचा मालक व्हावं लागलं. हे बरं की वाईट, हा ज्याचा त्याचा हिशोब. पण संचित नफ्याच्या ओळीवर नजर असणाऱ्याला हा बदल आधी दिसला असणार.

पान कुठलं उघडायचं

सेबीच्या नियमाने बाजारमूल्यात पहिल्या हजारात असणाऱ्या कंपन्यांना लाभांश धोरण जाहीर करावं लागतं, आणि त्यात ठेवून घेतलेल्या नफ्याचा वापर कसा करणार हेही लिहावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवर चार-पाच पानांची ती फाइल असते. बहुतेकांची भाषा गुळमुळीत असते: विस्तार, आधुनिकीकरण, भविष्यातील गरजा. पण एखादीच कंपनी नेमकं लिहिते की अमुक टक्के वाटू, उरलेल्यातून तमुक कारखाना. अशी कंपनी सापडली की मी तिचे मागचे पाच अहवाल काढून बसतो.

सर्वसाधारण सभा आता बहुधा ऑनलाइन होते. बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं, दोन-तीन मिनिटं मिळतात. एका शेअरचा मालकही विचारू शकतो: "गेल्या पाच वर्षांत तुम्ही इतके कोटी ठेवून घेतले, त्यावर किती मिळवलं?"

शेवटी, घरात बाबांची एखादी पत्र्याची ट्रंक असेल तर ती जरूर उघडून बघा. ठाण्यात कारखान्यात नोकरी केलेल्या कितीतरी घरांत आपल्याच कंपनीचे कागदी शेअर पडून आहेत, पिवळे पडलेले, कडा कुरतडलेले, वर जुनंच नाव. कंपनी नाव बदलून, जमीन विकून पुढे गेली तरी त्या कागदावरची मालकी तशीच असते. फक्त सात वर्षं लाभांश उचलला नाही तर तो, आणि त्यामागचे शेअरही, केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातात. तिथून परत मागता येतात, त्यासाठी ठरलेला अर्ज आहे. फोलिओ नंबर प्रमाणपत्रावर सापडेल.